न विचारता नंबर पोर्ट झाला तर

सकाळी उठल्यावर फोनवर ‘नो सर्व्हिस’ दिसते, फोन बंद-चालू करूनही रेंज येत नाही. बहुतेक वेळा दोष टॉवरचा, खराब सिमचा किंवा संपलेल्या रिचार्जचा असतो. पण घरात त्याच कंपनीचे दुसरे सिम व्यवस्थित चालत असेल, तर लगेच दुसऱ्या फोनवरून स्वतःच्या नंबरला रिंग द्या. तुमचा फोन गप्प आणि लावणाऱ्याच्या कानात मात्र रिंग वाजते आहे, असे झाले तर तुमचा नंबर बहुधा दुसऱ्या कोणत्या तरी सिमवर चालू आहे. ‘स्विच्ड ऑफ’ ऐकू आले तर त्यावरून काहीच ठरत नाही.

अशा वेळी शक्यता दोन. एक, तुमच्याच कंपनीतून कोणी डुप्लिकेट सिम काढले. दोन, नंबर दुसऱ्या कंपनीकडे पोर्ट झाला, म्हणजे नंबर तोच राहून कंपनी बदलली. नक्की काय झाले ते जुन्या कंपनीचे ग्राहक सेवा केंद्र एका मिनिटात सांगू शकते. त्याच कंपनीच्या दुसऱ्या सिमवरून १९८ लावा. पण तो फोन लावण्याआधी बँकेला लावा.

पहिला फोन बँकेला

नंबर ज्याच्या हातात, ओटीपी त्याच्या हातात. पासबुकावर किंवा कार्डाच्या मागे छापलेल्या क्रमांकावर फोन करून नेट बँकिंग, यूपीआय आणि कार्ड बंद करायला सांगा. इंटरनेटवर शोधून सापडलेल्या ‘कस्टमर केअर’ नंबरवर विसंबू नका, त्यात बनावट नंबर पुष्कळ असतात. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच तक्रार नोंदवा. रक्कम पुढच्या खात्यांत पसरण्याआधी गोठवता आली तरच परत मिळण्याची आशा असते, म्हणून इथे मिनिटे मोलाची आहेत. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही अशा व्यवहाराची माहिती तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला दिली, तर ग्राहकावर भुर्दंड पडत नाही. म्हणून बँकेकडून तक्रार क्रमांक आणि वेळ लिहून घ्या.

संमतीशिवाय पोर्ट होतो तो कसा

खरी प्रक्रिया माहीत असली की फट कुठे आहे ते कळते. ग्राहकाने स्वतःच्या सिमवरून १९०० या क्रमांकावर इंग्रजीत ‘पोर्ट’, एक जागा सोडून दहा आकडी नंबर, असा एसएमएस करायचा. उत्तरात आठ अक्षर-अंकांचा यूपीसी, म्हणजे युनिक पोर्टिंग कोड येतो. तो कोड आणि ओळखपत्र घेऊन नवी कंपनी केवायसी, म्हणजे ओळखीची पडताळणी करते, नवे सिम देते आणि विनंती पुढे पाठवते. १६ डिसेंबर २०१९ पासूनच्या पद्धतीत कोड चार दिवस वैध असतो (जम्मू-काश्मीर, आसाम आणि ईशान्येत ३० दिवस). एकाच परिमंडळात, म्हणजे दूरसंचार सेवेच्या एकाच विभागात, पोर्टिंग तीन कामकाजाच्या दिवसांत होते, परिमंडळ बदलले तर पाच. मुंबई हे वेगळे परिमंडळ आहे आणि उरलेला महाराष्ट्र गोव्यासह वेगळे, त्यामुळे मुंबईचा नंबर पुण्यात पोर्ट करायचा तर पाच दिवसांचा हिशेब धरावा.

म्हणजे तुमच्या सिमवरून एक एसएमएस जाणे आणि तुमच्या नावाची केवायसी होणे, या दोन गोष्टींशिवाय पोर्ट होऊ नये. फसवणूकही याच दोन ठिकाणी होते. स्टेशनबाहेर किंवा आठवडी बाजारात छत्री लावून बसलेला विक्रेता ‘ऑफर तपासतो’ म्हणत फोन हातात घेतो, १९०० ला एसएमएस करतो, कोड टिपतो आणि दोन्ही मेसेज पुसून टाकतो. मग ‘अंगठा नीट उमटला नाही, परत लावा’ म्हणून दुसऱ्यांदा ठसा घेतो. पहिल्या ठशावर तुम्ही मागितलेले काम होते आणि दुसऱ्यावर न मागितलेले. दुसरी तऱ्हा फोनवरची: ‘तुमचे सिम फाइव्ह-जीमध्ये अपग्रेड करतो, आलेला कोड सांगा.’ ओटीपी देऊ नये हे आता लोकांना पाठ झाले आहे. यूपीसी मात्र अक्षरे-अंक मिसळून येतो, ओटीपीसारखा दिसत नाही, म्हणून तो सहज सांगितला जातो.

तिसरा प्रकार फसवणूक नसूनही घात करणारा. नंबर वीस वर्षे तुम्ही वापरला, पण सिम मामाच्या, जुन्या मालकाच्या किंवा विक्रेत्याच्या नावावर असेल, तर कंपनीच्या दृष्टीने ग्राहक तोच आणि पोर्ट करायचा हक्कही त्याचाच. असा नंबर गेला तर लढायला आधार फार कमी उरतो. मालकी स्वतःच्या नावावर करून घेण्याचे काम आजच उरका.

पोर्ट अजून पूर्ण झाला नसेल तर

न मागता यूपीसीचा मेसेज आला तर घाबरू नका. नुसत्या कोडने नंबर जात नाही आणि कोणाला न दिलेला कोड चार दिवसांनी निकामी होतो. मात्र तो आला कसा, हे शोधा: फोन कोणाच्या हातात गेला होता, कोणते अनोळखी ॲप टाकले होते.

पोर्टिंगची विनंती दाखल झाल्याचा मेसेज आला असेल, तर २४ तासांच्या आत ती रद्द करता येते. त्याच सिमवरून १९०० ला इंग्रजी मोठ्या अक्षरांत सी-ए-एन-सी-ई-एल, एक जागा, मग नंबर असा एसएमएस पाठवा. रिचार्जमध्ये एसएमएस नाहीत म्हणून तो अडायला नको. कुठलेही व्हाउचर असले तरी पोर्टिंगचे एसएमएस जाऊ द्यावेत, असा निर्देश ट्राय या दूरसंचार नियामकाने डिसेंबर २०२१ मध्ये कंपन्यांना दिला आहे. पाठवलेल्या मेसेजचा स्क्रीनशॉट ठेवा. ही २४ तासांची खिडकी अनेकांच्या हातून निसटते, कारण मेसेज इंग्रजीत असतो आणि जाहिरातींच्या ढिगात बुडतो. आई-वडिलांच्या फोनवर पोर्टिंगबद्दल आलेले काहीही पुसायचे नाही आणि लगेच दाखवायचे, एवढे त्यांना सांगून ठेवा.

पोर्ट पूर्ण झाला असेल तर

इथे बहुतेक जण एक चूक करतात: पुन्हा १९०० ला एसएमएस करून जुन्या कंपनीत परत यायला जातात. नियमानुसार पोर्ट झाल्यावर ९० दिवस पुन्हा पोर्ट करता येत नाही, त्यामुळे यूपीसी मिळतच नाही आणि वेळ फुकट जातो. नेहमीचा रस्ता बंद असतो, म्हणून मागणी ‘संमतीविना झालेले पोर्टिंग उलटवा’ अशी लेखी हवी.

पण त्याआधी नंबर ताब्यात घ्या. ज्या कंपनीकडे नंबर गेला, तिच्या मोठ्या गॅलरीत मूळ आधार कार्ड घेऊन जा, कोपऱ्यावरच्या रिचार्जच्या दुकानात नको. नवे कनेक्शन तुमच्याच नावावर निघाले, आणि छत्रीवाल्याच्या प्रकारात ते तसेच निघते, तर ताबडतोब सिम बदलून मागा. जुने सिम बंद होते, नंबर तुमच्या हातात येतो. कंपनी नको असलेली असली तरी ओटीपी यापुढे तुमच्याकडे येतील, फक्त सिम बदलल्यावर पहिले २४ तास एसएमएस बंद असतात. हे पाऊल कमीपणाचे वाटून टाळू नका. फक्त अर्जावर ‘संमतीविना पोर्टिंगची तक्रार कायम ठेवून सिम घेत आहे’ असे लिहा, नाहीतर पुढे ‘ग्राहकाने सेवा स्वीकारली’ असे म्हटले जाईल.

कनेक्शन परक्याच्या नावावर निघाले तर गॅलरी सिम देणार नाही. तिथे नंबर त्वरित बंद करण्याचा लेखी अर्ज द्या आणि पोच घेऊन थेट पोलीस ठाणे गाठा. हद्द कोणाची यावरून गुन्हा नोंदवायला नकार देता येत नाही, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये तशी तरतूद आहे. दूरसंचार अधिनियम २०२३ च्या कलम ४२ नुसार फसवणुकीने किंवा तोतयेगिरीने सिम मिळवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, ५० लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. तक्रारीत हे कलम आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ओळखचोरीचे कलम लिहा; ते ६६-क नव्हे, ६६-सी. मराठीत लिहिताना इथे हमखास घोटाळा होतो.

कागद कोणते मागायचे

जुन्या कंपनीकडून: यूपीसी कोणत्या तारखेला, किती वाजता निघाला, नंबर कोणत्या कंपनीकडे आणि केव्हा गेला, त्याआधी सिम बदलले गेले होते का. शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. १ जुलै २०२४ पासून सिम बदलल्यानंतर सात दिवस यूपीसी देता येत नाही. आधी डुप्लिकेट सिम काढून दोन दिवसांत पोर्ट झाला असेल, तर यंत्रणेनेच नियम मोडला हे तुमच्या हातातले सर्वांत बळकट कारण.

नव्या कंपनीकडून: ग्राहक अर्जाची, म्हणजे कॅफ फॉर्मची प्रत. त्यावर फोटो, पत्ता, तारीख-वेळ आणि विक्रेत्याचा कोड पाहा. अंगठ्याने केवायसी झाली असेल तर आधारच्या संकेतस्थळावरील पडताळणीच्या इतिहासात गेल्या सहा महिन्यांतील नोंदी दिसतात. दोन मिनिटांच्या अंतराने दोन नोंदी दिसल्या तर ती पाने जपून ठेवा. नियमबाह्य वागणाऱ्या विक्री केंद्राचा करार रद्द करून त्याला तीन वर्षे काळ्या यादीत टाकण्याची तरतूद आहे, म्हणून विक्रेत्याचा कोड तक्रारीत जरूर द्या.

तक्रारीचा मजकूर असा चालेल: ‘माझा क्रमांक … दिनांक … पर्यंत आपल्या कंपनीत माझ्या नावावर चालू होता. पोर्टिंगसाठी मी संमती दिलेली नाही. यूपीसी निर्मितीची नोंद, ग्राहक अर्जाची प्रत व विक्रेत्याचा कोड द्यावा, पोर्टिंग उलटवून क्रमांक पूर्ववत करावा आणि शिल्लक रिचार्जची भरपाई द्यावी.’ कोड तुम्हीच फोनवर सांगितला असेल तर ते लपवू नका, ‘अपग्रेडच्या नावाखाली काढून घेतला’ असे लिहा. करार अधिनियम १८७२ नुसार फसवून मिळवलेली संमती ही मुक्त संमती नसते.

कंपनी ऐकत नसेल तर

दोन्ही कंपन्यांत तक्रार नोंदवून डॉकेट क्रमांक, म्हणजे तक्रारीचा नोंदणी क्रमांक घ्या. तो एसएमएसने येतो आणि तुमचा नंबर तर गेलेला, म्हणून पर्यायी मोबाइल आणि ईमेल आधीच सांगा. उत्तर पटले नाही तर ३० दिवसांत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जा. शुल्क नाही, निर्णयाची मुदत ३९ दिवस. ट्रायला पत्र लिहिण्यात वेळ घालवू नका, ट्राय एकेकट्या ग्राहकाच्या तक्रारी सोडवत नाही. दूरसंचार विभागाचा तक्रार कक्ष मात्र सोडवतो: केंद्र सरकारच्या पीजी (जनतक्रार) पोर्टलवर डॉकेट क्रमांकासह तक्रार टाका. ग्राहक आयोगाचा दरवाजाही उघडा आहे. दूरसंचार कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. सल्ल्यासाठी १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे.

जुना नंबर पोस्टपेड असेल तर पोर्ट झालेल्या तारखेपर्यंतचे शेवटचे बिल भांडणात अडकवून ठेवू नका. थकबाकी राहिली तर जुनी कंपनी नव्या कंपनीला सांगून नंबरच बंद करवू शकते. हरकत नोंदवून भरा.

नंबर परत आल्यावर बँकेत नोंद तपासा, व्हॉट्सॲप पुन्हा सुरू करून त्याला दुहेरी पडताळणीचा पिन लावा. दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर आपल्या नावावरचे सगळे नंबर दिसतात, अनोळखी नंबरापुढे ‘माझा नंबर नाही’ निवडा. तिथे प्रवेशासाठी तुमच्या नावावरच्या चालू सिमवर ओटीपी येतो. आधारचे बायोमेट्रिक एम-आधार ॲपमधून लॉक करा आणि सिम घेताना किंवा रेशन दुकानात अंगठा द्यायचा असेल तेवढ्यापुरते उघडा.