वाळवलं की मरणारं बी कसं रुजवावं

दुर्मिळ झाडांचं बी गोळा करताना एकाच झाडाखाली बसून पोतं भरू नका. जमतील तितक्या झाडांचं थोडंथोडं घ्या, प्रत्येकाची पिशवी निराळी ठेवा. त्या दिवशी पिकलेल्या बियांपैकी पाचव्या हिश्शापेक्षा जास्त उचलू नये. मातृवृक्षाचा, म्हणजे बी दिलेल्या झाडाचा क्रमांक, जागा आणि तारीख पेन्सिलीने लिहा, शाई ओलीने पुसली जाते.

यापुढचे आठ-दहा दिवस सगळ्यात नाजूक. ‘बी सावलीत वाळवा आणि डब्यात भरा’ हा सल्ला जो-तो देतो. भाजीपाल्याला तो बरोबर आहे. जायफळ, फणस, आंबा, कोको, ओक यांचं बी मात्र फळातून निघतं तेच ओलं, आणि ती ओल गेली की ते मरतं. उणे १८ अंशांवर जगभरचं बी जपणारं नॉर्वेतल्या स्वालबार्ड बेटांवरचं बीजकोठारसुद्धा अशा बियांच्या उपयोगाचं नाही. जायफळाच्या कुळातल्या एका दुर्मिळ झाडाचं बी मी पहिल्यांदा आणलं, तेव्हा तीन आठवडे कागदावर पसरून ठेवलं होतं. वरून टणक, छान दिसत होतं. एकही रुजलं नाही. त्या झाडाने दिलेलं वर्षभराचं बी माझ्या हातून गेलं, याचं आजही वाईट वाटतं.

म्हणून गर त्याच दिवशी काढा, बी धुवा आणि वरचं पाणी निथळलं की लगेच दमट कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) थर देऊन पिशवीत भरा. मुठीत दाबल्यावर कोकोपीटमधून पाणी ठिबकलं, तर ते फार ओलं आहे. पिशवीला छिद्रं हवीतच. हे बी सतत श्वास घेत असतं, हवा कोंडली की सडतं. फ्रिजमध्ये तर अजिबात ठेवू नका, कोकोसारखं उष्ण प्रदेशातलं बी गारठ्यानेच मरतं. आणि पाण्यावर तरंगलं म्हणून बी फेकायची पद्धत इथे सोडून द्या, त्यात चांगलं बीही जातं. शंका आली तर दोन-चार बिया कापून बघा. आतून घट्ट, रसरशीत असेल तर जिवंत. सुरकुतून कवचापासून सुटलेलं असेल तर गेलेलं. इतकं करूनही ते साठवायचं बी नव्हे, आठवड्याभरात पेरा.

पेरणी सोपी आहे: बी आडवं, स्वतःच्या जाडीइतकं खोल, वर सावलीची जाळी. पिशवीतच मोड आला असेल तर मुळाचं टोक न दुखावता खाली करा.

रोपाची पिशवी खोल घ्या. सोटमूळ तळाशी वेटोळं घालून बसलं की ते वेटोळं जन्मभर सुटत नाही.

रोप देताना मातृवृक्षाचा क्रमांक सोबत द्या आणि निरनिराळ्या क्रमांकांची रोपं एकत्र लावायला सांगा. जायफळाच्या कुळात बहुधा नर आणि मादी झाडं वेगळी असतात. त्यातलं एकटं रोप मी कुणालाच देत नाही.