बक्षीसपत्र, निर्वाह भत्ता आणि प्रांत ऑफिस : ज्येष्ठांनो, या चुका टाळा

बाईंनी पिशवीतून बक्षीसपत्र काढलं. पहिल्याच पानावर हळदीकुंकवाची बोटं उमटलेली. नोंदणी करून आल्यावर देवापुढे ठेवलं होतं म्हणाल्या. त्याच पानावर, कुंकवाच्या जरा खाली, टाइप केलेलं होतं : ‘नैसर्गिक प्रेम व आपुलकीपोटी, विनामोबदला व विनाअट’. फ्लॅट मुलाच्या नावावर झाला, दोन वर्षांनी बाई बहिणीकडे राहायला आल्या, आणि आता त्यांना दस्त रद्द करून हवा होता. मी तो शेवटपर्यंत वाचला, पण अडचण पहिल्याच पानावर होती. ‘विनाअट’.

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात दर गुरुवारी मी अर्ज लिहून द्यायला बसतो. वकील नाही, पण कागद वाचायची सवय आहे. त्या टेबलावर पुन्हा पुन्हा येतात त्याच चुका इथे सांगतो. सगळ्यात मोठी चूक सहीच्या दिवशीच होऊन गेलेली असते, म्हणून तिच्यावर जरा जास्त बोलतो.

पोटच्या पोराकडून लिहून कसं घ्यायचं?

या संकोचापायी घरं गेली आहेत. महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन मुलगा, मुलगी, नातवंडं किंवा जोडीदाराला बक्षीस दिली तर मूळ मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये. (स्थानिक अधिभार वेगळा.) इतकं स्वस्त म्हटल्यावर ‘एकदाचं करून टाकू’ असं होतं. टायपिंगवाल्याकडे तयार नमुना असतो, त्यात ‘विनाअट’ असतंच, आणि घाईत कोणी वाचत नाही.

आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम २००७ सालचा. त्याचं कलम २३ सांगतं की कायदा लागू झाल्यावर ज्येष्ठाने मालमत्ता दिली, देताना घेणाऱ्याने सांभाळ करावा अशी अट होती, आणि त्याने सांभाळ केला नाही, तर तो व्यवहार फसवणुकीने किंवा दबावाने झाला असं धरून न्यायाधिकरण (आपल्याकडे प्रांत) तो रद्द करू शकतं. सगळी मदार ‘अट होती’ या दोन शब्दांवर. पोरगा सांभाळत नाही एवढं सिद्ध करून भागत नाही.

सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल शेजारी ठेवा. ६ डिसेंबर २०२२ च्या निकालात आईने हक्कसोड करून दिली होती, म्हणजे मालमत्तेतला आपला हक्क लिहून सोडला होता. सांभाळाची अट कुठे दिसत नव्हती, तसा दावाही केलेला नव्हता, म्हणून तिच्या बाजूने झालेला रद्दीचा आदेश टिकला नाही. २ जानेवारी २०२५ च्या निकालात मध्य प्रदेशातल्या छतरपूरची आई जिंकली. तिच्याकडे काय होतं? बक्षीसपत्राच्याच दिवशी मुलाने आई-वडिलांचा सांभाळ करीन असं लिहून दिलेला एक कागद. न्यायालयाने दोन्ही कागद एकत्र वाचले, आणि हा कायदा ज्येष्ठांच्या कल्याणाचा आहे, तो सढळपणे वाचायचा, असंही म्हटलं. तरी त्या सढळपणाच्या भरवशावर कोणी राहू नये. अट दस्तातच घाला. साधारण अशी :

‘घेणार हे देणार यांना त्यांच्या हयातीपर्यंत सदर घरात राहू देतील, त्यांचे अन्न, वस्त्र, औषधोपचार व सेवाशुश्रूषा करतील. तसे न केल्यास हे बक्षीसपत्र रद्द करून घेण्याचा हक्क देणार यांनी राखून ठेवला आहे.’

दोन वाक्यं. आणि ‘विनाअट’ हा शब्द काढून टाका, नाहीतर एकाच दस्तात अट आहे आणि नाही असं दोन्ही होतं.

हीच गोष्ट हक्कसोडपत्राची. वडील गेले की तेराव्याच्या आसपास कोणीतरी म्हणतं, आई, सोसायटीला लागतंय, सही कर. वडिलांनी मृत्युपत्र केलं नसेल तर हिंदू वारसा कायद्याने मुलांइतकाच आईचाही त्यात वाटा असतो. तो का सोडायचा, हे त्या दिवसांत विचारणारं घरात कोणी नसतं. सही महिनाभर थांबली तर काही बिघडत नाही.

खरं तर बहुतेकांना बक्षीसपत्र लागतच नाही. मृत्युपत्र पुरतं. त्याला मुद्रांक शुल्क नाही, नोंदणी ऐच्छिक, दोन साक्षीदार हवेत, आणि मन बदललं तर उद्या दुसरं करता येतं. घर शेवटपर्यंत तुमच्याच नावावर. ‘नंतर भावाभावांत भांडणं नकोत म्हणून आत्ताच देऊन टाकतो’ असं म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारतो की भांडण नंतर होऊ नये म्हणून ते आत्ता स्वतःच्या अंगावर का घेताय?

‘तरी योग्य तो न्याय मिळावा’

मुलांकडून निर्वाह भत्ता मागायच्या किंवा दस्त रद्द करायच्या अर्जाची शेवटची ओळ हमखास ही. वर चार पानं मुलाचं शिक्षण, सुनेचे टोमणे, दिवाळीला कोण आलं नाही ते. अर्ज जातो निर्वाह न्यायाधिकरणापुढे, म्हणजे आपल्याकडे प्रांतांपुढे, उपविभागीय अधिकाऱ्यांपुढे. त्यांना हवी असते मागणी. दरमहा किती रुपये, कोणाकोणाकडून, औषधाचा खर्च किती, निकाल लागेपर्यंत अंतरिम रक्कम हवी का, दस्त रद्द करायचा का. औषधांच्या तीन महिन्यांच्या पावत्या जोडल्या तर त्या चार पानांपेक्षा जास्त बोलतात.

निर्वाह भत्त्याची कमाल मर्यादा दरमहा १०,००० रुपये आहे, तेव्हा पंचवीस हजार मागून उपयोग नाही. स्वतःच्या उत्पन्नातून भागत नाही हेही दाखवावं लागतं. चांगलं पेन्शन असलेल्याला भत्ता मिळणं अवघड, पण दस्त रद्द करण्याच्या अर्जाला पेन्शन आड येत नाही. या दोन गोष्टींची गल्लत फार होते.

अर्ज देताना पोच घ्या. आवक शिक्का, क्रमांक, तारीख. ‘साहेबांच्या टेबलावर ठेवून आलो’ म्हणजे अर्ज दिला असं होत नाही. नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल द्यायचा, अपवाद म्हणून एकदाच ३० दिवस वाढवायचे, असं कायदा सांगतो. प्रत्यक्षात तारखा पुढे जातात, मग आवक क्रमांक हाच तुमचा आधार.

वकील नाही म्हणून थांबू नका. या कामात वकिलाची गरज राहू नये अशीच कायद्याची रचना आहे. तुमची इच्छा असेल तर निर्वाह अधिकारी तुमची बाजू मांडू शकतो. स्वतः जाता येत नसेल तर दुसऱ्याला किंवा संस्थेला अधिकार देऊन अर्ज करता येतो. कागद वाचून घ्यायला वकील हवाच असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. तिथे स्त्रियांना उत्पन्न न बघता मोफत मदत मिळते. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक विधवा आयांना हे ठाऊकच नसतं.

नावं घालताना, गाळताना

धाकटा सांभाळत नाही म्हणून फक्त धाकट्यावर अर्ज करतात, आणि पहिल्याच तारखेला तो थोरल्याला आणि बहिणीला त्यात ओढतो. कायदा त्याला तशी मुभा देतो. मुलगी लग्न झालेली असली तरी ‘अपत्य’ आहेच, सज्ञान नातवंडंही. सून मात्र त्या व्याख्येत नाही. मूलबाळ नसेल तर जो नातेवाईक तुमची मालमत्ता वापरतोय किंवा वारसाने घेणार आहे, त्याच्यावर जबाबदारी येते. पुतण्यांना हे सांगितलं की चेहरे बघण्यासारखे होतात. मुलगा परदेशात असला आणि भारतीय नागरिक असला तर कायदा त्यालाही लागू आहे.

सून व्याख्येत नाही म्हटल्यावर काही जण उलट टोकाला जातात. मुलगा-सुनेचं पटत नाही, मुलगाच आईबापांना पुढे करून सुनेला घराबाहेर काढायचा अर्ज करायला लावतो. असे अर्ज मी लिहीत नाही. बेंगळुरूच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये सांगितलं की ज्येष्ठांच्या संरक्षणासाठी गरज असेल तर घर रिकामं करण्याचा आदेश देता येतो, पण कौटुंबिक हिंसाचार कायद्याने सुनेला असलेला राहण्याचा हक्क या वाटेने चिरडता येत नाही.

आदेश मिळाला, पैसे नाही मिळाले

आदेश फ्रेम करून ठेवल्यासारखा कपाटात ठेवायचा आणि ‘देईल हो, कुठे जातोय’ म्हणत थांबायचं, ही चूक महाग पडते. थकलेल्या रकमेच्या वसुलीसाठी ती देय झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो. सहा महिने थांबलात तर सुरुवातीच्या महिन्यांचे पैसे हातचे गेले. वॉरंट काढूनही पैसे आले नाहीत तर एक महिन्यापर्यंत कैदेची तरतूद आहे. आदेश मान्य नसेल तर अपील ६० दिवसांत.

फौजदारी कायद्याखाली कोर्टात आणि इथे प्रांतांकडे, दोन्हीकडे पोटगी मागता येत नाही. एकच वाट निवडायची. मारहाण होत असेल तर मात्र अर्ज वगैरे नंतर. आधी ११२ लावा. नुसता सल्ला हवा असेल तर १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.

गेल्या गुरुवारी एक निवृत्त मास्तर बक्षीसपत्राचा मसुदा घेऊन आले, मुलगा बरोबर. मी ‘विनाअट’वर बोट ठेवलं. मास्तरांनी मुलाकडे पाहिलं नाही, मुलाने त्यांच्याकडे पाहिलं नाही. मग मुलानेच माझ्या टेबलावरचं पेन उचललं, शब्द खोडला आणि समासात ती दोन वाक्यं स्वतःच्या हाताने लिहिली. ‘सेवाशुश्रूषा’तला दुसरा ‘श्रू’ त्याने ऱ्हस्व लिहिला होता. मास्तरांनी तो दीर्घ केला.