माळा शाबूत ठेवा: बेळगाव-खानापूर भागात कमी विजेवर चालणारं लाकडी सांगाड्याचं घर कसं बांधावं

जांबोटीच्या पुढच्या कुठल्याही जुन्या कौलारू घरात मे महिन्याच्या दुपारी शिरा. ओसरीवर घाम येतो, माजघरात जीव थंडावतो, आणि शिडी चढून माळ्यावर डोकं घातलं की भट्टीची झळ लागते. आपण कौतुक सागवानी खांबांचं करतो, पण माजघर थंड ठेवतो तो माळा. वर तापलेली कौलं, खाली माणसं आणि मध्ये अडवलेली हवा, शिवाय भाताच्या पेंढ्याचा थर.

नवं घर बांधताना लोक नेमका हा माळाच काढून टाकतात. छत उंच दिसायला पाहिजे म्हणून आतून कौलं उघडी ठेवतात आणि पहिल्याच उन्हाळ्यात एसी घेतात. म्हणून हजार-बाराशे चौरस फुटांचं घर डोळ्यासमोर ठेवून पुढं जो क्रम दिलाय, त्यात पैसा आणि डोकं आधी छपरावर खर्च करायचंय, मग पाणी लाकडापासून लांब ठेवण्यावर. बाकीचं त्यानंतर.

जागेवर उभं राहून ऊन आणि झड बघा

बेळगाव शहरात वर्षाला साधारण बाराशे मिलिमीटर पाऊस. कणकुंबी-आमगाव पट्ट्यात त्याच्या तिप्पट आणि जास्तही, तर अथणीकडं जेमतेम निम्मा. त्यामुळं 'बेळगाव जिल्ह्यासाठी नकाशा' असा कुणी विकत असेल तर घेऊ नका. खानापूर तालुक्यात वळचण रुंद हवी आणि छप्पर उभट हवं. निपाणी-चिकोडीच्या पुढं कोरड्या भागात दिवस-रात्रीच्या तापमानात फरक मोठा असतो, तिथं भिंती जाड केल्याचा फायदा जास्त.

उन्हाचं म्हणाल तर आपण सुमारे १५.८५ अंश उत्तर अक्षांशावर आहोत. ४ मेच्या आसपास आणि पुन्हा ८-९ ऑगस्टला सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. या दोन तारखांच्या मध्ये दुपारचा सूर्य चक्क उत्तरेकडं असतो. उत्तरेला ऊन नसतंच असं धरून तिकडं मोठी काच लावणारे जूनमध्ये फसतात. ढग असतात म्हणून निभावतं एवढंच.

दक्षिणेचं गणित सोपं आहे. डिसेंबरात दुपारी सूर्य क्षितिजापासून ५१ अंशांवर असतो. भिंतीपासून अडीच फूट पुढं आलेली वळचण तेव्हा सुमारे तीन फूट खाली सावली टाकते. वळचणीखाली एक फूट सोडून चार फुटी खिडकी बसवली तर खालची दोन फूट काच उन्हात येते, सकाळच्या गारठ्यात ते हवंच असतं. २१ मार्चच्या सुमारास सूर्य ७४ अंशांवर चढतो आणि तीच वळचण पूर्ण खिडकी झाकते. एक पैसा जास्त न घालता हिवाळ्यात ऊब मिळते आणि उन्हाळ्यात सावली.

खरी डोकेदुखी पश्चिमेची. दुपारनंतरचं तिरपं ऊन तिकडून, पावसाळ्यातली झड तिकडून, आणि उन्हाळ्याच्या संध्याकाळी सुटणारा वाराही तिकडूनच. भिंत बंद केली तर वारा जातो, उघडी ठेवली तर घर भिजतं. जुन्या लोकांनी यावर पडवी काढली होती आणि तिच्याहून चांगला उपाय मला तरी सापडलेला नाही. पश्चिमेला निदान सहा फूट खोल पडवी घ्या, तिच्या बाहेरच्या कडेला तिरप्या पट्ट्यांची लाकडी झडपं लावा. जून ते सप्टेंबर ती बंद राहतील, एरवी उघडी. पडवीच्या आत न्हाणी, कोठार, जिना अशा खोल्या ठेवा, झोपायच्या खोल्या पूर्वेकडं न्या. घराची लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवली म्हणजे पश्चिमेला तोंड लहान राहतं.

छपराचे थर खालून वर असे लावा

आधी एक आकडा समजून घ्या. आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना एक चौरस मीटर छपरातून किती वॉट उष्णता जाते, यावरून छपराची परीक्षा होते. केंद्र सरकारच्या २०१८ च्या इको निवास संहितेत राहत्या घराच्या छपराला ही मर्यादा १.२ आहे. ती संहिता ५०० चौरस मीटर आणि त्यावरच्या भूखंडांसाठी आहे, आपल्या घराला ती लागू नसेल, पण मोजपट्टी म्हणून उत्तम. नुसत्या उघड्या कौलांचा आकडा चारच्या वर जातो. खालचे थर नीट बसवले तर तो ०.६ च्या आसपास येतो.

वाशांवर पाऊण इंची फळ्या ठोका. फळ्या परवडत नसतील तर चांगलं प्लायवूड चालेल. फळ्यांवर दोन इंची आडव्या पट्ट्या ठोकून त्यांच्या मध्ये ५० मिलिमीटर जाडीचं रॉकवूल (वितळलेल्या दगडाच्या तंतूंची गादी) भरा. तांदळाच्या गिरणीतला तूसही उष्णता चांगली अडवतो आणि खानापुरात स्वस्त मिळतो, पण त्याला थर जाड लागतो आणि उंदरांचा बंदोबस्त करावा लागतो. मी रॉकवूलच घेईन. त्यावर पाणी अडवणारा पण वाफ बाहेर सोडणारा पडदा अंथरा. काळं प्लॅस्टिक अंथरू नका. त्याखाली लाकूड घुसमटतं आणि दोन पावसाळ्यांत फळ्यांना बुरशी दिसते.

आता मुख्य काम. पडद्यावर आढ्यापासून वळचणीकडं उतरत्या, एक इंच जाडीच्या उभ्या रिपा मारा, आणि त्यांच्यावर कौलांच्या आडव्या रिपा. बरेच सुतार उभ्या रिपा गाळतात. "लाकूड वाया कशाला घालवायचं?" असं मलाही एकानं सुनावलं होतं. पण त्या एका इंचाच्या पोकळीत दोन कामं होतात. कौलाखाली शिरलेलं पाणी पडद्यावरून सरळ वळचणीला उतरतं, आणि तापलेली हवा वर सरकून आढ्यातून बाहेर पडते. त्यासाठी वळचणीला जाळी लावून हवा आत यायची फट ठेवायची आणि आढ्याला बाहेर जायची. दोन्हींतली एक बुजली की पोकळीचा उपयोग संपला.

चढ निदान ३० अंश ठेवा, म्हणजे बारा इंचाला सात इंच. कणकुंबीच्या बाजूला थोडा वाढवा. मंगळुरी कौलं शंभर चौरस फुटाला दीडशेच्या आसपास लागतात, म्हणजे कोरडी असतानाच तीन-साडेतीनशे किलो. पावसात ती पाणी पितात, वजन आणखी वाढतं, वासे त्या हिशोबानं धरा. १८६५ मध्ये बासेल मिशनच्या लोकांनी मंगळुरात कारखाना काढला तेव्हापासून हे कौल आपल्या घाटावर आहे आणि अजून त्याला तोड नाही. राहता राहिली वानरं. गावोगावी लोक कौलं काढून पत्रा घालतायत ते वानरांच्या उड्यांना कंटाळून. खाली फळ्या आणि पडदा असला की फुटलेलं कौल गळत नाही, सवडीनं बदलता येतं. पत्र्याखाली राहायचं तर मे महिन्यात पंखा गरम हवाच फिरवतो.

आणि हो, एवढं करूनही माजघरावर माळा ठेवाच.

लाकूड: वखारीत कुठलं नाव घ्यायचं

दांडेलीकडच्या वखारीत गेलात तर पावतीवर आणि बोलण्यात कानडी नावं येतील, तेव्हा जोड्या पाठ असाव्यात. मत्ती म्हणजे आपला ऐन, किंदळ म्हणजे किंजळ, नंदी म्हणजे नाणा, होन्ने म्हणजे बिबळा, बीटे म्हणजे शिसवी. खांब-तुळयांना ऐन मजबूत, पण तो आकसतो आणि चिरतो. सागवान महाग, म्हणून ते दारं-खिडक्या आणि पावसाला तोंड देणाऱ्या भागांसाठी राखा. आतल्या फळ्यांना फणस सुंदर दिसतो.

माझी पहिली पसंती मात्र जुन्या मालाला. बेळगावात, निपाणीत वाडे पाडले जातात तेव्हा खांब, तुळया, कड्या विकायला निघतात. सहा इंची खांब पोटापर्यंत सुकायला कित्येक वर्षं लागतात, आणि ती वर्षं या लाकडानं आधीच काढलेली असतात. खिळे काढून घ्या, टोकं ठोकून बघा. आवाज पोकळ आला तर तेवढा भाग कापून टाका.

नवं लाकूड घेतलंत तर इंचाला साधारण एक वर्ष, असा हवेवर सुकवण्याचा अंदाज धरा. हातातलं ओलावा मोजायचं यंत्र विकत घ्या, १२ ते १५ टक्के दाखवलं तरच कामाला लावा. माझ्या घराची मागची पडवी ओल्या नाण्याची केली होती, 'जागेवर सुकेल' या भरवशावर. दिवाळीला चौकट आणि भिंत यांच्यात करंगळी जात होती. थंडीत वारा यायचा तो तिथूनच.

कागदांचं विसरू नका. स्वतःच्या शेतातला साग तोडायलाही वनखात्याची परवानगी लागते आणि गाडीत घालून हलवायला पास. अर्ज कानडीत असतो, वाचता येत नसेल तर जाणत्याकडून वाचून घेऊनच सही करा. तुळयांची मापं मात्र इंजिनिअरकडून आय.एस. ८८३ (लाकडी बांधकामाचं भारतीय मानक) प्रमाणं काढून घ्या, सुताराच्या अंदाजावर सोडू नका.

खांब जमिनीत गाडू नका

जोतं दीड-दोन फूट उंच घ्या आणि प्रत्येक खांब दगडी तळखड्यावर बसवा. खांबाचा बुंधा मातीला किंवा सिमेंटच्या कोब्याला टेकला की तो खालून पाणी ओढतो, आणि वाळवी त्याच वाटेनं चढते. पाया भरताना वाळवीचं औषध मारून घ्या. लाकडाला बोरॅक्स-बोरिक ॲसिडचं पाणी चांगलं लागू पडतं, पण ते पावसात धुऊन जातं, तेव्हा आतल्या लाकडालाच. जोत्याला लागून फुलझाडांचा वाफा करू नका. दिसतो छान, पण वाळवीला वर चढायला जिना मिळतो.

भिंतीत नुसत्या फळ्या नकोत

जाडीला जाडी धरली तर सागवान काँक्रीटच्या दहाव्या हिश्श्याइतकीच उष्णता पुढं सोडतं. यावरून लोक इंचभर फळ्यांच्या भिंती करतात आणि फसतात, कारण इंचाची फळी नऊ इंची विटांच्या भिंतीपेक्षा जास्त उष्णता आत घेते. शिवाय तिला वजन नाही. एप्रिलमध्ये इथं दुपारी ३५-३६ अंश असतं आणि पहाटे विशीपर्यंत उतरतं. हा फरक पचवायला घरात काहीतरी जड लागतं. म्हणून पाच-सहा फुटांच्या खणात खांब उभे करा आणि मधली जागा विटांनी किंवा जांभ्या दगडानं भरा. भराव आणि खांब पत्र्याच्या पट्ट्यांनी प्रत्येक चार-पाच थरांना बांधा, सांध्यात सिमेंटऐवजी चुना वापरा. लाकूड हलतं, चुना थोडं सोसतो. पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून एक इंच पोकळी सोडून फळ्यांचं आवरण द्या. गिलावा आतून-बाहेरून चुन्याचा, म्हणजे भिंत दोन्ही बाजूंनी वाळते. खाली शहाबादी फरशी थेट मुरुमावर बसवली की जमिनीचा गारवा मिळतो.

उरलेलं थोडक्यात

उघडणाऱ्या खिडक्या खोलीच्या क्षेत्रफळाच्या एक षष्ठांश ठेवा, दमट हवेसाठी संहितेतही हेच प्रमाण आहे. त्या समोरासमोर हव्यात, एकाच भिंतीत दोन असून वारा खेळत नाही. काचेची कौलं खोलीला एक-दोन पुरेत. पंखे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) घ्या, जुन्या पंख्याला सत्तर-पंचाहत्तर वॉट लागतात तिथं यांना तीस-पस्तीस. कुणाला एसी हवाच असेल तर एकच खोली ठरवा आणि तिच्याच फटी बुजवा. अख्खं घर हवाबंद करायच्या भानगडीत पडू नका, आपल्या पावसाळ्यात लाकडाला हवा लागते. सोलर पॅनेल लावायचे असतील तर त्यांचं वजन वासे ठरवतानाच सांगा, पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे.

घर झाल्यावर पहिल्या मे महिन्यात दोन साधे थर्मामीटर आणा. एक माळ्यावर टांगा, एक माजघरात, आणि दुपारी तीनला दोन्ही वाचा. माजघर माळ्याइतकंच तापलेलं दिसलं तर शिडी लावून आढ्याची फट बघा. बहुतेक वेळा गवंड्यानं ती 'पाणी शिरेल' म्हणून सिमेंटनं बुजवलेली असते.