समरी दावा हाताळताना: नव्या ज्युनिअर वकिलांसाठी

वसुलीचं ब्रीफ हातात आलं की नव्या ज्युनिअरचा पहिला प्रश्न बहुधा हाच असतो, "मॅडम, समरी टाकायचा ना?" समरी म्हणजे पैशांच्या वसुलीचा झटपट चालणारा दावा. उत्तरासाठी पुस्तक उघडण्याआधी पक्षकाराने आणलेली कागदांची पिशवी उघडा, असं मी सांगते. मी हे दावे दोन्ही बाजूंनी चालवले आहेत आणि माझं मत पक्कं झालं आहे: समरीचा निकाल युक्तिवादाच्या दिवशी फार थोडा ठरतो, बराचसा तो कागद निवडताना ठरून गेलेला असतो.

नेहमीच्या दाव्यात लेखी कैफियत देणं हा प्रतिवादीचा हक्क असतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 37 खालच्या समरी दाव्यात मात्र बचाव करण्यासाठी आधी कोर्टाची परवानगी, म्हणजे लिव्ह टू डिफेंड, मागावी लागते. ती नाकारली गेली तर साक्षीपुरावा न होताच हुकूमनामा होतो. इतका कडक मार्ग प्रत्येक वादाला खुला नाही. वचनचिठ्ठी, हुंडी, न वटलेला चेक, लेखी करारातून येणं असलेली निश्चित रक्कम, हमीपत्र, अशाच गोष्टींवर तो चालतो. यातला 'निश्चित' हा शब्द सतत डोळ्यासमोर ठेवा. समजा, भोसरीतल्या एका पुरवठादाराचे बिलांचे 14 लाख अडकले आहेत. तो चिडलेला असतो. ऑर्डर बुडाली त्याची भरपाई, मानसिक त्रासाचे दोन लाख, हेही लिहा म्हणतो. त्याचं दुःख खरं असतं, पण भरपाईची रक्कम कोर्टाने पुरावा घेऊन ठरवायची असते. ती मागणी आत आली की अख्खा दावा समरीच्या चौकटीबाहेर जातो. हा दावा आदेश 37 खाली आहे आणि त्या आदेशाबाहेरची कोणतीही मागणी यात नाही, ही दोन्ही विधानं वादपत्रात स्पष्ट लिहावी लागतात. शीर्षकात दावा क्रमांकाच्या लगेच खाली आदेश 37 चा उल्लेखही लागतो.

वचनचिठ्ठी असेल तर आधी तिच्यावरचं मुद्रांकाचं तिकीट पाहा. इतर बऱ्याच दस्तांवर कमी पडलेलं मुद्रांक शुल्क दंडासह भरून घेता येतं. वचनचिठ्ठीला मुद्रांक कायद्याचं कलम 35 ही सवलत देत नाही. तिकीट नसलेली चिठ्ठी पुराव्यात येतच नाही. मग तारीख पाहा. मागताक्षणी देय असलेल्या चिठ्ठीवर दावा लावण्याची तीन वर्षांची मुदत चिठ्ठीच्या तारखेपासून चालते, मागणीची नोटीस दिली त्या दिवसापासून नव्हे. मुदत संपत आलेली दिसली तर देणं मान्य केल्याचं सहीचं पत्र किंवा काही रक्कम परत केल्याची लेखी नोंद शोधा, मात्र ती मुदत संपण्याआधीची हवी. वादी भागीदारी फर्म असेल तर नोंदणीचा दाखला मागा. नोंदणी नसेल तर दावा लावायला भागीदारी कायद्याचं कलम 69 आडवं येतं.

व्यवहार व्यापारी असेल आणि रक्कम 3 लाख किंवा अधिक, तर वाणिज्यिक न्यायालय कायदा 2015 लागू होतो. (ही मर्यादा पूर्वी 1 कोटी होती, 2018 मध्ये खाली आली.) तातडीचा अंतरिम आदेश मागायचा नसेल तर कलम 12-अ प्रमाणे आधी मध्यस्थी करावीच लागते. पाटील ऑटोमेशन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती सक्तीची ठरवली, आणि 20 ऑगस्ट 2022 पासून ती टाळून आलेलं वादपत्र फेटाळलं जातं. मध्यस्थीत गेलेला काळ मुदतीत मोजत नाहीत. समरीत न बसणाऱ्या व्यापारी दाव्यालाही संहितेच्या आदेश 13-अ खाली, समन्स बजावल्यानंतर आणि कोर्टाने वादाचे मुद्दे काढण्यापूर्वी, संक्षिप्त निकालाचा, म्हणजे साक्षीपुराव्याशिवाय निकाल देण्याचा, अर्ज करता येतो. समरी म्हणून दाखल केलेल्या दाव्यात हा अर्ज चालत नाही, म्हणून मार्ग सुरुवातीलाच निवडा.

आता प्रतिवादीची बाजू, आणि इथे मला खरी कळकळ वाटते. पहिलं समन्स मिळाल्यापासून 10 दिवसांत फक्त हजेरी नोंदवायची आणि पत्ता द्यायचा असतो. त्यानंतर वादी 'समन्स फॉर जजमेंट', म्हणजे निकाल मागणारं दुसरं समन्स, बजावतो. त्यापासून पुन्हा 10 दिवसांत शपथपत्रासह लिव्ह टू डिफेंड मागायची. छोटा दुकानदार समन्स गल्ल्यात ठेवून महिन्याने वकिलाकडे येतो, तेव्हा मुदत टळून गेलेली असते. असा माणूस दारात आला की त्याच दिवशी वकीलपत्र घ्या आणि उशिराचं कारण कागदानिशी मांडा. पुरेसं कारण असेल तर कोर्ट उशीर माफ करू शकतं.

परवानगीचा अर्ज कसा तोलला जातो यासाठी आयडीबीआय ट्रस्टीशिप विरुद्ध हबटाउन हा 2016 चा निकाल मुळातून वाचा. बचाव भक्कम असेल तर बिनशर्त परवानगी. तपासण्याजोगा मुद्दा आणि वाजवी बचाव दिसला तरी साधारणपणे बिनशर्तच. मुद्दा आहे पण प्रामाणिकपणाची शंका येते, किंवा बचाव शक्य असला तरी पटण्याजोगा नाही, तर पैसे भरण्याची किंवा तारण देण्याची अट येते. बचाव पोकळ असेल तर परवानगी नाही. त्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने दिलेली बिनशर्त परवानगी बदलून सर्वोच्च न्यायालयाने 418 कोटींची मुद्दल भरण्याची किंवा तेवढं तारण देण्याची अट घातली. प्रतिवादीने काही रक्कम मान्य केली असेल, तर तेवढी भरल्याशिवाय परवानगी मिळत नाही.

'माल खराब होता' हा बचाव रोजचा आहे. त्यावर मी ज्युनिअरला एकच काम देते: दावा लागण्यापूर्वीची तक्रार शोधायला सांगते. ईमेल, डेबिट नोट, परत पाठवलेल्या मालाचं चलन, काहीही चालेल. ग्राहकाने त्याच बिलांवर जीएसटीचं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, घेतलं आहे का, हेही पाहायला लावते; घेतलं असेल तर 'माल खराब' हे म्हणणं कमकुवत होतं. हातउसन्या पैशांच्या दाव्यात 'वादी बिनपरवाना सावकार आहे' हा बचाव हमखास येतो. महाराष्ट्राच्या 2014 च्या सावकारी कायद्याचं कलम 13 परवाना नसलेल्या सावकाराला हुकूमनामा देऊ देत नाही. पण एखाद्या ओळखीच्याला एकदा रक्कम दिली म्हणून कोणी सावकारीचा धंदा करत नाही. म्हणून वादीने आणखी किती जणांना, किती व्याजाने पैसे दिले, ही माहिती पहिल्याच बैठकीत विचारून घ्या.

हुकूमनामा झाल्यावर तो रद्द करून घ्यायला आलेल्या प्रतिवादीसाठी आदेश 37 चा नियम 4 आहे. त्यात केवळ 'समन्स मिळालं नाही' म्हणून भागत नाही. रजनी कुमार खटल्यात 2003 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की विशेष परिस्थितीबरोबर परवानगी मिळण्याजोगा बचावही त्याच अर्जात दाखवावा लागतो. त्यामुळे अशा अर्जाला पहिल्याच दिवशी बचावाची सगळी कागदपत्रं जोडा.