जळगावात बसून जुन्या बेसबॉल कार्डाचा खरा भाव कसा काढायचा

खान्देशात बेसबॉल कोणी खेळत नाही, पण जळगाव भुसावळ धुळ्याची पोरं अमेरिकेत ढिगाने आहेत, आणि तिकडच्या गॅरेज सेलमधून नाहीतर घरमालकाच्या अडगळीतून जुन्या बेसबॉल कार्डांचा, म्हणजे खेळाडूचा फोटो छापलेल्या पुठ्ठ्याच्या छोट्या कार्डांचा, एखादा डबा सुट्टीत इकडे येतोच. मग फॅमिली ग्रुपवर फोटो पडतात आणि कोणीतरी लगेच बातमी टाकतं, 1952 च्या टॉप्स कंपनीचं मिकी मँटल या खेळाडूचं कार्ड 2022 मध्ये 1 कोटी 26 लाख डॉलरला गेलं म्हणून. बातमी खरी आहे. पण भो, त्या कार्डाच्या अवस्थेला 10 पैकी 9.5 नंबर, म्हणजे ग्रेड, मिळाला होता, तुमचं रबर बँड लावून डब्यात पडलेलं आहे.

सराफ बाजारात सोन्याचा भाव रोज सकाळी लागतो, कार्डाचं तसं काही नाही. तेच कार्ड, तशाच अवस्थेतलं, नुकतंच कितीला विकलं गेलं, तोच त्याचा भाव. बाकी कोणी काय मागतंय त्याला काही अर्थ नाही.

आधी कार्ड कोणतं ते ओळखा. पुढचा फोटो बघू नका, कार्ड उलटं करा. मागे कार्डाचा नंबर असतो आणि बहुतेक वेळा खेळाडूचे वर्षवार आकडे असतात, त्यातलं शेवटचं वर्ष 1960 असेल तर कार्ड साधारण 1961 चं. खाली बारीक अक्षरात टी.सी.जी. दिसलं तर ते टॉप्स च्युइंग गम, म्हणजे टॉप्सच. वर्ष, कंपनी, नंबर, खेळाडू, या चार गोष्टी कागदावर लिहून काढा, कारण एकाच खेळाडूची दरवर्षी वेगवेगळी कार्डं निघायची आणि किमतीत जमीन अस्मानाचा फरक असतो.

वर्ष 1987 ते 1993 च्या आसपासचं निघालं तर उगाच खूश होऊ नका. त्या काळात कंपन्यांनी इतकी छापली आणि लोकांनी इतकी जपून ठेवली की आज तिकडे त्या काळाला जंक वॅक्सच, म्हणजे मेणकागदाच्या पाकिटातला भंगार माल, म्हणतात. डबेच्या डबे किरकोळ पैशात मिळतात. 1989 चं अप्पर डेक कंपनीचं केन ग्रिफी ज्युनियरचं 1 नंबरचं कार्ड लोक अजून शोधतात पण त्यालाही खरा पैसा 10 ग्रेड असेल तरच. खरी मजा 1970 च्या आधीच्या मालात आहे, आणि सिगारेटच्या पाकिटातून निघायची ती टी 206 मालिका, 1909 ते 1911 ची, सापडली तर मग बाकी कामं बाजूला ठेवा.

पहिलं कार्ड म्हणजे रुकी कार्ड सगळ्यात महाग असं सगळे सांगतात. बहुतेक वेळा बरोबर आहे पण डोळे झाकून मानू नका. मँटलचं खरं रुकी 1951 चं बोमन कंपनीचं आहे, तरी भाव जास्त 1952 च्या टॉप्सलाच. शेवटी लोकांना काय हवंय त्यावर ठरतं.

आता अवस्था, आणि इथेच सगळा खेळ आहे. चार कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि छपाई मधोमध आहे की नाही, एवढं बघायचं. साधी पट्टी घ्या, डावीकडची पांढरी किनार 2 मिमी आणि उजवीकडची 3 मिमी भरली तर ते 40-60 झालं, चालण्यासारखं आहे, पण एका बाजूला किनारच दिसत नसेल तर भाव धाडकन खाली. सुरकुती लाइटखाली तिरकं धरल्याशिवाय दिसत नाही. आणि आपल्याकडचा खास रोग म्हणजे लॅमिनेशन! मार्कशीटबरोबर कार्डंही कोणी लॅमिनेट करून आणली असतील तर ती फक्त बघायला ठेवा. बॉलपेनने मागे नाव टाकलेलं, डिंकाने वहीत चिकटवलेलं, त्यांचंही तसंच. ओल्या फडक्याने पुसायचं तर नावच काढू नका.

त्याच पट्टीने मापही घ्या. 1957 पासून टॉप्सचं कार्ड अडीच बाय साडेतीन इंच, 1952 ते 56 चं त्याहून थोडं मोठं, 2⅝ बाय 3¾. कमी भरलं तर कोणीतरी कोपरे नीट दिसावे म्हणून कडा कापलीय असा संशय घ्या. टी 206 मधल्या होनस वॅग्नर या खेळाडूच्या सगळ्यात प्रसिद्ध कार्डाची कडा कापलेली होती हे 2013 मध्ये ज्याने कापली त्यानेच कबूल केलं, मग बाकीच्यांचं काय घेऊन बसलात. नक्कल ओळखायला ओळखीच्या सोनाराकडून भिंग आणा, फोटोत ठिपके दिसणारच, पण नावाची काळी अक्षरं अस्सल कार्डावर सहसा भरीव असतात, स्कॅन करून छापलेल्यात तीपण ठिपक्यांची दिसतात.

मग ईबे ही ऑनलाइन खरेदीविक्रीची वेबसाइट उघडा आणि फिल्टरमध्ये सोल्ड आयटम्स टिक करा. हे टिक न करता भाव काढणाऱ्यांमुळेच सगळा घोळ होतो, कोणी पाच हजार डॉलर मागत वर्षभर बसलेला असतो आणि आपण तोच आकडा धरून चालतो. विकलेल्या किमतीवर रेघ मारलेली दिसली तर त्याचा अर्थ सौदा घासाघीस करून खाली झाला. समजा तुमच्यासारख्या अवस्थेची कार्डं 95, 110, 120 आणि एक 300 ला गेली, तर 300 सोडून द्या, तुमचं 105-110 धरा. त्यातून ईबेची फी साधारण 13 टक्के आणि कुरिअर वजा करा. दुकानदाराला एकदम दिलं तर याहून बरंच कमी मिळेल, त्यालाही पुढे विकायचंच आहे ना.

ग्रेडिंग म्हणजे पीएसए नाहीतर एसजीसी या कार्ड तपासणाऱ्या कंपन्यांकडे पाठवून अवस्थेचा 1 ते 10 नंबर घेणं. इथून पाठवायचं तर जाण्यायेण्याचं कुरिअर, इन्शुरन्स, कस्टमची कटकट, म्हणून ग्रेड केल्यावर वाढणारी किंमत या सगळ्या खर्चाच्या दुप्पट तरी दिसत असेल तरच करा, आणि शक्यतो पुढच्या वेळी पोरगा परत जाईल तेव्हा त्याच्या हॅन्डबॅगेतच द्या.

तोपर्यंत रबर बँड आजच्या आज काढा, आपल्या मे महिन्यात तो वितळून कार्डाला चिकटतो. प्रत्येक कार्ड पातळ प्लास्टिक स्लीव्हमध्ये, वरून टॉपलोडर म्हणजे कडक प्लास्टिकचं कव्हर, आणि डबा पत्र्याखालच्या माळ्यावर नाही तर आतल्या खोलीतल्या कपाटात.