लॅविश हा शब्द नेमका कुठे वापरायचा

लॅविश लग्न, लॅविश फ्लॅट, लॅविश लाईफस्टाईल, आपण रोज ऐकतो आणि बोलतो पण, पण महाग दिसलं की लावला लॅविश असं होतं, म्हणून जरा नीट लिहितोय.

उच्चार लॅविश, लाविश नाही, आणि जोर लॅ वर.

आता शब्द आला कुठून ते बघा, कारण हे एकदा कळलं की अर्थ पाठ करावाच लागत नाही. जुन्या फ्रेंचमध्ये लावास म्हणजे धो धो पाऊस, आणि त्याचं मूळ लॅटिनमधलं लवारे, म्हणजे धुणं, ज्यातून लॉन्ड्री आणि लॅव्हेटरी पण आलेत. म्हणजे लॅविश म्हणजे हात न आखडता ओतणं. आपण पण पोरीच्या लग्नात पैसा पाण्यासारखा ओतला असंच म्हणतो ना! मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा खरंच भारी वाटलं होतं.

मग एक्स्ट्रॅव्हॅगंट आणि लॅविश मध्ये फरक काय? एक्स्ट्रॅव्हॅगंट मध्ये लॅटिनचं एक्स्ट्रा म्हणजे बाहेर आणि वागारी म्हणजे भटकणं, थोडक्यात हद्द सोडून गेलेला, त्यामुळे त्यात बहुतेक वेळा नाराजी असते की ऐपत नसताना कशाला एवढं. लॅविश मध्ये ती असेलच असं नाही. आपल्याकडे उधळण आणि उधळपट्टी आहे ना तसंच, जेजुरीला भंडाऱ्याची उधळण होते, तिला कोणी उधळपट्टी म्हणत नाही.

माणसाला नुसतं ही इज लॅविश म्हणू नका, अर्धवट वाटतं, कशात ते सांगा, लॅविश विथ मनी किंवा लॅविश इन हिज प्रेज. आणि फ्लॅट नुसता मोठा असेल तर तो स्पेशियस, लॅविश नाही.

क्रियापद म्हणून हा शब्द आपल्याकडे फार कमी वापरतात आणि मला तोच वापर सगळ्यात जास्त आवडतो. शी लॅविश्ट अटेन्शन ऑन हर ग्रँडसन, म्हणजे आजीने नातवाचे नुसते लाड लाड केले. ह्यात ऑन विसरायचं नाही, टू लावलं की चुकलं. जे ओतायचं ते पैसेच पाहिजेत असं नाही, प्रेम, कौतुक, वेळ काहीही चालतं. लॅविशली इलस्ट्रेटेड बुक म्हणजे पण पानोपानी चित्रं असलेलं पुस्तक, मग ते स्वस्तात मिळालेलं का असेना.