एपीएलची ओळ उजवीकडून वाचा

सोलापुरी चादर 450 रुपयांची, नग 3, नवी पेठेतून रिक्षाभाडे 60. एपीएल या प्रोग्रामिंग भाषेत 450×3+60 लिहिलं की उत्तर येतं 28350! इथे गुणाकाराला अग्रक्रम नाही. प्रत्येक चिन्ह आपल्या उजवीकडचं सगळं उत्तर घेतं. आधी 63, मग गुणाकार.

1. साधी बेरीज डावीकडे न्या: 60+450×3. उत्तर 1410.
2. दोन प्रकारच्या चादरी असतील (450 च्या 3, 600 च्या 2) तर 60++/450 600×3 2. इथे +/ म्हणजे यादीतल्या सगळ्या आकड्यांची बेरीज. लूप (तीच कृती पुन्हा पुन्हा करायचा कोड) नाही, काही नाही, आणि हीच या भाषेची गोडी.
3. समजत नसेल तर उजवीकडून एकेक तुकडा वाढवत चालवा: 450 600×3 2 दाखवतं 1350 1200, पुढे +/ लावलं की 2550, मग 60+ जोडून 2610. कुठे बिनसलं ते लगेच दिसतं.

चिन्हं पाठ करत बसू नका. ट्रायएपीएल या ब्राउझरमध्ये एपीएल चालवून बघायच्या साइटवर बॅकटिक (`) दाबून वजाची कळ दाबली की ×, बरोबरची दाबली की ÷. वरच्या पट्टीतल्या चिन्हावर माउस नेला की त्याचं काम कळतं.

वजाबाकीत मात्र जपून. 2000-500-100 चं उत्तर 1400 नव्हे, 1600 येतं आणि चूक झाल्याचा संदेशही येत नाही. (2000-500)-100 असा कंस घाला.